जावयाचं जस्त

४ फेब्रुवारी

आज न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड आणि अर्धी मान भादरलेली, अशा अवस्थेत मला कळलं की माझ्या मुलीत दोष आहे.

न्हावी बिचारा सहानुभूतीनेच बोलला. "काका, छबीताईंचं औषध सुरू झालं म्हणे. होईल हो सगळं नीट. हल्ली डॉक्टर काय वाट्टेल ते करतात."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? सकाळी पाव आणायला गेलो होतो."

पुढे विचारायची गरजच नव्हती. माझ्या विहीणबाई बेकरीच्या गल्ल्यावर बसतात आणि प्रत्येक पावाबरोबर एक बातमी बांधून देतात. पाव एखाद्या दिवशी शिळा निघेल, बातमी निघायची नाही. म्हणजे आज सकाळपासून अख्ख्या रस्त्याने माझ्या मुलीची अब्रू चहात बुडवून खाल्ली.

छबी माझी एकुलती एक. तिची आई गेल्यापासून मला तिच्याशिवाय कुणी नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. जावई त्याच बेकरीची भट्टी सांभाळतात. मायलेक आणि छबी, तिघं दुकानाच्या वरच राहतात. मूल नाही. मला त्याचं काही वाटत नाही. विहीणबाईंना वाटतं, आणि त्यांना जे वाटतं ते त्या वाटत सुटतात.

दैनंदिनीची सवय आम्हाला शाळेत मराठीच्या मास्तरांनी लावली होती. कारखान्यात शिरलो आणि ती सुटली. आज पुन्हा धरली, कारण या वयात राग टिकत नाही. सकाळी आलेला राग दुपारच्या झोपेत विरघळून जातो आणि संध्याकाळी मी कुठल्या तरी जुन्या कडव्याची चाल आठवत बसतो. हा राग विरघळू द्यायचा नाही. विहीणबाईंना मी याचा जाब द्यायला लावीन. कसा, ते अजून सुचलेलं नाही.

६ फेब्रुवारी

सकाळीच गेलो. गल्ल्यावरून नाही, मागच्या जिन्याने. भट्टी बरोबर स्वयंपाकघराच्या खाली आहे, त्यामुळे वरची फरशी थंडीतसुद्धा पायाला कोमट लागते. छबी लहान असताना थंडीत माझ्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची. स्थळ बघायला आलो तेव्हा ही फरशी मला फार आवडली होती. मुलीचं घर बघताना माणूस काय काय बघतो, आणि काय बघायचं राहतं!

छबी चहा टाकत होती. तेवढ्यात विहीणबाई गल्ला सोडून वर आल्या, कपाटातून एक बाटली काढली आणि तिच्यातली गोळी तळहातावर धरली.

"घे. उपाशीपोटी. माझ्यासमोर."

छबीने गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"जीभ दाखव."

आणि माझ्या चौतीस वर्षांच्या मुलीने जीभ बाहेर काढून दाखवली. जावईबापू दारात उभे होते, कोपरापर्यंत पीठ. ते आपल्या चपलांकडे बघत होते, जसं काही चपला आजच आणल्यात.

मी बाटली उचलली. औषधवाल्याने चिकटवलेल्या चिठ्ठीवर छबीचं नाव होतं आणि औषधाचं नाव झिंक. म्हणजे आपलं जस्त! मला हसूच आलं. जन्मभर मी दुसरं केलं काय? लोखंडी बादल्या, नळ, पिंपं वितळलेल्या जस्तात बुडवून काढली.

"विहीणबाई," मी म्हटलं, "आयुष्यभर बादल्यांना जस्त चढवलं मी. गंज धरू नये म्हणून. माझी मुलगी काय बादली वाटली तुम्हाला?"

विहीणबाई झाकण फिरवत म्हणाल्या, "बादली निदान भरते तरी, व्याही."

७ फेब्रुवारी

बादली निदान भरते तरी.

विसरू नये म्हणून पुन्हा लिहिलं. यावर काहीतरी बोलायला हवं होतं. उत्तर सुचलं, पण घरी येऊन फाटकाची कडी काढताना, आणि तेही बेतास बातच होतं. मास्तर म्हणायचे, कविता म्हणजे वेळेवर सुचलेलं उत्तर. माझ्या सगळ्या कविता उशिराच्या गाडीने आल्या.

११ फेब्रुवारी

छबीची पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही. गोळी गिळल्यावर ती ओट्याला धरून पाठमोरी उभी राहिली होती. तसं आमच्या कारखान्यात नवी पोरं उभी राहायची. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरायची, अंग ठणकायचं आणि तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव यायची. मला ठाऊक आहे ते. म्हणून आज औषधाच्या दुकानात गेलो आणि पहिल्यांदा टेबलावर हात आपटला, मग बोललो.

"लोकांच्या पोटात जस्त घालता?"

औषधवाला तरुण आहे, पण डोक्याने थंड. "आजोबा, आधी बसा."

"आजोबा म्हणू नकोस. त्या पदवीचीच तर सगळी बोंब आहे."

त्याने समजावून सांगितलं. धूर वेगळा आणि गोळी वेगळी. शरीराला थोडं जस्त लागतंच म्हणे. फक्त रिकाम्या पोटी घेतलं की ढवळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावं.

"माझी मुलगी घेते," मी म्हटलं. "मूल व्हावं म्हणून."

"मुलगी घेते?"

"रोज. सासूसमोर. वर जीभ दाखवते."

तो स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला लागला. मी उठेना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघा, तुमच्या घरातलं मला काही ठाऊक नाही. नाव सांगितलं ते मी लिहिलं. पण चिठ्ठी ज्या डॉक्टरांची होती, त्यांच्याकडून ही गोळी येते ती नवऱ्यासाठी येते. पुरुषाचं बीज कमी पडत असलं की. त्याच्या अंगात जस्त कमी असेल तर थोडाफार उपयोग होतो म्हणतात. नसेल तर तेवढाही नाही. पण निदान गिळायची तरी त्यानेच ना!"

घरी येताना मी चालत नव्हतो, तरंगत होतो. रस्त्याकडेची झाडं मला कडव्यांसारखी एकाखाली एक मांडलेली दिसत होती. दोष त्यांच्या घरात, औषध माझ्या मुलीच्या पोटात आणि बोभाटा गल्ल्यावर! विहीणबाई, आता बघा.

१३ फेब्रुवारी

छबीला बागेत बोलावलं. बाकावर बसल्या बसल्या सांगितलं की मला सगळं कळलंय. ती आधी इकडेतिकडे बघत राहिली.

"आप्पा, हळू बोला."

"हळू? तुझी सासू गल्ल्यावरून दवंडी पिटते आणि मी हळू बोलू?"

मग तिने सांगितलं. दोघांच्या तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी जावईबापू भट्टी पेटवायला म्हणून खाली गेले आणि भट्टी पेटलीच नाही. ही बघायला गेली तर ते पिठाच्या पोत्यांमागे बसून रडत होते. "नऊ वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आप्पा. मग मीच म्हटलं, आईंना माझं नाव सांगा. मला काय फरक पडतो?"

म्हणजे रडून त्या माणसाने माझ्या मुलीकडून हे काढून घेतलं. काय एकेक युक्त्या!

ठरलं होतं असं की बाटली छबीच्या नावाने, छबीच्या कपाटात ठेवायची आणि गोळी त्यांनी गुपचूप घ्यायची. पण लगेच विहीणबाईंच्या हाती बाटली लागली आणि त्यांनी औषधाचा कारभार स्वतःकडे घेतला. आता गोळी नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार.

"मग त्याने दुसरी बाटली आणावी की! गावात काय एकच दुकान आहे?"

"म्हणतात आणतो. आज आणतो, उद्या आणतो. मला रोज गिळताना बघतात ना, त्यामुळे त्यांच्याच्याने होत नाही बहुतेक."

"भित्रा आहे तुझा नवरा."

"भित्रे नाहीत. सिगारेट सोडलीय त्यांनी. मला सांगितलंही नाही. हल्ली खिशात लवंगा सापडतात, त्यावरून कळलं मला."

लवंगा! माझ्या मुलीला एवढ्यावर समाधान मानायची सवय लागलीय.

जाताना तिने माझा हात धरला. "कुणाला बोलायचं नाही. शब्द द्या, आप्पा." मी दिला. समोर पोरं झोपाळ्यावर उंच जात होती आणि मला छबीचं कवितापाठांतर आठवलं. प्रत्येक ओळ मध्येच भलत्या जागी तोडायची, आणि मी ती जोडत तिच्या मागे मागे म्हणायचो. आता ती गप्प बसते आणि मलाही गप्प बसवते. शब्द दिला खरा. रात्रभर विचार केला असता तर दिला नसता.

२ मार्च

आज पाव आणायला गेलो तर विहीणबाई गल्ल्यावरून उठून पुढे आल्या. "या, व्याही, या! हात पुढे करा." आणि हातावर साखर लावलेला गोड पाव ठेवला. रांगेतल्या प्रत्येकाच्या ओठाला साखर लागलेली होती.

"हे कशाबद्दल?"

"घ्या! पुरुषांना सांगावंच लागतं सगळं. सकाळी ट्रे लावता लावता ओकली की तुमची छबी!"

छबी मागे खांबाला टेकून उभी होती, हातात पाण्याचा पेला. "आई, तसं काही नाहीये हो. त्या गोळीने होतं."

"गोळीनेच होणार! मग मी कशासाठी देत होते इतके दिवस?"

रांग हसली. जावईबापूंनी भट्टीच्या तोंडातून मान वळवली नाही. खरं काय ते आम्हा तिघांना माहीत होतं, आणि तिघंही मूग गिळून उभे. मी तो पाव खाल्ला. चांगला होता, हे लिहायची लाज वाटते.

५ मार्च

व्हायचं तेच झालं. तसं काही नाही, हे कळायला वेळ लागला नाही, आणि गल्ल्यावरची जीभ उलटली. न्हाव्याने सांगितलं तेव्हा वस्तरा माझ्या गळ्यावर होता म्हणून मी ओरडलो नाही.

"काका, हलू नका. म्हणाल्या, सुनेने नाटक केलं, दुकानात हसं झालं. म्हणाल्या, आता मुलाचं दुसरीकडे बघायला हवं. कुणाच्या तरी ओळखीत एक मुलगी आहे म्हणे, घरात पोरांची नुसती रेलचेल. काका, हलू नका म्हटलं ना!"

घरी येऊन छबीला फोन केला. "ती तुला घराबाहेर काढतेय!"

"कुणी काढत नाही, आप्पा. हे बोलणार आहेत आईंशी. येत्या रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा. सगळं खरं सांगणार आहेत. ठरलंय आमचं."

"तो बोलणार? तो?"

"तुम्ही शब्द दिलाय, आप्पा."

रविवार! आज आणतो, उद्या आणतो, त्यातलाच हा रविवार. आणि बोलला तरी कुठे बोलणार? बंद दाराआड, आईच्या पदराखाली. बदनामी रस्त्यावर आणि कबुली स्वयंपाकघरात, हा कुठला न्याय? जिथे माझ्या मुलीची मान खाली गेली, तिथेच विहीणबाईंची जायला हवी. त्याच गल्ल्यासमोर. त्याच रांगेसमोर.

७ मार्च

सुचलं! दात घासताना सुचलं आणि तोंडात फेस तसाच ठेवून लिहून काढलं. भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा. मास्तर पट्टीने टेबलावर ताल धरायचे आणि आम्ही बाकांवर डुलायचो. हे वृत्त सापासारखं सरपटत येतं, मास्तर म्हणायचे, आणि शेवटच्या शब्दाला डसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला डसणारं काहीतरी जमलंय:

सुनेला दिली रोज गोळी सकाळी,
मुलाची दवा ती सुनेच्या कपाळी!
विहीणी, अहो, जीभ ठेवा शहाणी,
पुसा लेकराला खरी ती कहाणी.

एकही मात्रा इकडची तिकडे नाही. 'पुसा' थोडं जुनं वाटतं, पण 'विचारा' बसत नाही. दिवसभर म्हणत होतो. भांडी घासताना म्हटलं, फिरायला गेलो तेव्हा म्हटलं. 'कपाळी'वर जरा थांबायचं, मग 'विहीणी' वरच्या पट्टीत. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

शब्दाचं मनात आलं. पण मी कुणाला काही बोलणार नाहीच आहे. मी कविता म्हणणार आहे.

९ मार्च, शनिवार

झालं.

शनिवारी रांग सगळ्यात लांब असते. मी इस्त्रीचा सदरा घातला. न्हावी रांगेत होता, औषधवाला होता, शाळेतल्या दोन बाई होत्या. माझा नंबर आला.

"बोला, व्याही. नेहमीचाच?"

"आज पाव नको. आज कविता आहे."

आणि मी म्हटली. हात मागे बांधून, शाळेत म्हणायचो तशी. पहिल्या ओळीला लोक हसायच्या तयारीत होते. दुसऱ्या ओळीला हसू थबकलं. चौथी संपली तेव्हा भट्टीतल्या लाकडांचा आवाज ऐकू येत होता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "परत एकदा होऊ द्या!" आणि मी परत म्हटली. खरं लिहायचं तर दुसऱ्यांदा जास्त चांगली झाली.

विहीणबाई उभ्या राहिल्या. "काय बरळताय हे? अरे, बाहेर ये आणि सांग ह्यांना!"

जावईबापू आले. भट्टीतलं लांब दांड्याचं लाकडी फावडं त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं, अगदी जपून, जसं ते काचेचं असावं.

"आई, खरं आहे ते. औषध माझं आहे. दोष माझ्यात आहे. उद्या सांगणार होतो तुला."

विहीणबाई बसल्या. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसल्या, नशीब ती होती. त्यांच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं. हेच मला बघायचं होतं. मी डोळे भरून बघितलं.

छबी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. मला वाटलं ती सासूकडे बघेल. ती माझ्याकडे बघत होती.

"वा, आप्पा," ती म्हणाली. "चाल छान लावलीत."

मग तिने नवऱ्याचा हात धरला, पिठाचाच, आणि त्याला घेऊन वर गेली.

१० मार्च

न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. कविता त्याला पाठ झालीय. समोरच्या इमारतीतली पोरं दोरीवर उड्या मारताना म्हणत होती, 'कपाळी'वर बरोबर थांबून. मास्तर असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

एका टवाळाने जावईबापूंना भर रस्त्यात विचारलं, "काय शेठ, गोळी घेतली का?" बाकीचे खिदळले. ते मान खाली घालून निघून गेले. हे मला आवडलं नाही. ओळी त्यांच्यासाठी नव्हत्याच, विहीणबाईंसाठी होत्या. पण कविता एकदा तोंडातून सुटली की ती कुणाच्या अंगावर जाऊन बसेल, ते कवीच्या हातात राहत नाही.

छबीने फोन उचलला नाही. कामात असेल.

२४ मार्च

दोघं घर सोडून गेली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेतलीय म्हणे. जावईबापू कुठल्या तरी मोठ्या बेकरीची पावाची गाडी चालवतात. हेही न्हाव्याकडूनच कळलं. माझ्याच मुलीची बातमी मला दर वेळी गालाला साबण लागलेला असतानाच मिळायची, असं काही ठरलंय का?

शेवटी आज तिने फोन घेतला.

"बरी आहे, आप्पा. औषधं घेताय ना वेळेवर?"

"पत्ता दे. येतो."

"नंतर बोलू."

"अगं, त्या बाईच्या तावडीतून सोडवलं मी तुला!"

पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ते ज्या खोलीत रडले ना, आप्पा, त्या खोलीला तुम्ही रस्त्यावरून खिडकी पाडलीत." आणि फोन ठेवला.

ओळ चांगली आहे. शेवटी मुलगी कुणाची! अर्थ मात्र लागत नाही. सासूच्या जाचातून सुटलेली मुलगी बापावर का चिडते? तिने जीभ दाखवायची, ओकायचं, आणि मी गोड पाव खाऊन घरी यायचं, असं तिला हवं होतं का?

१५ एप्रिल

हल्ली रोज बेकरीवर जातो. विहीणबाईंची काय दशा झाली ते बघायला. सूड घेतला की त्याची देखरेखही करावी लागते.

नवा कारागीर ठेवलाय, तो पाव खालून जाळतो. रांग अर्धी झालीय. विहीणबाई बातम्या देत नाहीत. लोक ताटकळतात, मग नुसता पाव घेऊन जातात.

"करपलाय," मी म्हटलं.

"तुमच्या कवितेने भट्टी रिकामी केली, व्याही. खा आता."

"तुमच्या जिभेने केली."

"कागदात देऊ का पिशवी आणलीय?"

"कागदात."

बांधता बांधता त्या म्हणाल्या, "तिकडचं काही कळलं?"

"नाही. तुम्हाला?"

"छे."

त्यांनी मला वरचा, कमी जळका पाव दिला. मी तो नाकारायला हवा होता.

२० मे

आज दुकानाचं अर्धं दार ओढलेलं. विहीणबाई ठेवणीतल्या कपड्यांत, हातात गरम पावांची पिशवी.

"कुठे निघालात भरदुपारी?"

"मुलाकडे."

मी त्यांची वाट अडवली. "म्हणजे? पत्ता दिला त्यांनी तुम्हाला?"

"कोण देतोय! गेल्या महिन्यात त्याच्या पावाच्या गाडीमागे रिक्षा घातली. घर बघून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. दार उघडलं नाही तिने. बसले जिन्यात. माणसं येत होती, जात होती, सगळी मला बघून जायची. जन्मभर मी लोकांना बघितलं, त्या दिवशी लोकांनी मला बघून घेतलं."

"मग?"

"मग संध्याकाळी छबी बाहेर आली. चुकलं म्हणाले."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणतात, व्याही? आत घेतलं तिने. चहा दिला. तो आता आपली गोळी आपण घेतो, जेवल्यावर. उपाशीपोटी घ्यायची नव्हतीच म्हणे ती. मीच शहाणी!"

"गुण आला का?"

"थोडं बरं आहे म्हणतात डॉक्टर. आता गोळीने, का भट्टीची धग सुटली म्हणून, का सिगारेट सुटली म्हणून, ते त्यांनाही सांगता येत नाही. वाट बघा म्हणाले. ती दोघं बघतायत वाट. हसतात मधूनमधून. मी चहा पिते आणि येते."

म्हणजे महिनाभर ही बाई माझ्या मुलीच्या हातचा चहा पिऊन येत होती, आणि रोज माझ्यासमोर उभी राहून, तोंडातून चकार शब्द न काढता, मला करपलेला पाव बांधून देत होती! जिच्या पोटात कधी बातमी राहिली नाही, तिने नेमकी हीच ठेवली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"का सांगू? कविता केली असतीत."

मी दुकानाच्या पायरीवर टेकलो. मग विचारलं, "माझं काही काढते का कधी?"

विहीणबाई पिशवीची गाठ नीट करत राहिल्या. "विचारते, आप्पा जेवतात का. म्हटलं, रोज पाव तर नेतात."

"पत्ता द्या मला."

दिला. वर विचारलं, "जाऊन काय म्हणाल?"

"काय म्हणजे? माझं काय चुकलं?"

त्यांनी दार खाली ओढलं आणि कुलूप लावलं. "मग बसा जिन्यात, व्याही. बसायला आसन घेऊन जा, फरशी गार आहे."

दिवेलागण झाली तरी डोकं थंड होत नाही. माझ्यावर मात केली त्या बाईने. ज्या तोंडाने माझ्या मुलीला बादली म्हटलं, त्याच तोंडाने 'चुकलं' म्हणून ती आत जाऊन बसली, आणि मी बाहेर. हे मी चालू देणार नाही. उद्या जाणार. ती दुपारी गेली होती, मी सकाळीच जाईन. ती एकदा चुकलं म्हणाली, मी दोनदा म्हणेन. जावईबापूंना वेगळं म्हणेन, ते तर तिने केलेलंच दिसत नाही.

आधी चार ओळी करायला बसलो होतो. दुसरी ओळ झाल्यावर फाडून टाकल्या. नुसतंच म्हणायचं. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. पहिल्यांदा अर्धाच शब्द आला. दुसऱ्यांदा आलं, पण विहीणबाईंवर ओरडल्यासारखं. तिसऱ्यांदा छबीचं तोंड डोळ्यांपुढे आणलं, तिच्यामागे ते, कोपरापर्यंत पीठ, आणि मग आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही.

तोच बरोबर असावा. उद्या सकाळपर्यंत तेवढा टिकवायचा आहे.